आधी बघ, मग झाक

पुणे,
मे अखेर

चि. मुक्ता,

तुझं पत्र पोचलं. भांगाजवळचे केस विरळ झालेत, साखरपुड्याच्या आधी तू केसांवर भुरभुरायची ती डबी आणलीस, रोज ऑफिसला जाताना वापरतेस आणि घरात कुणाला दिसू नये म्हणून कपाटात ओढण्यांच्या मागे ठेवतेस, हे सगळं तू सरळ लिहिलंस. शेवटी होणाऱ्या नवऱ्याबद्दल विचारलंस, ‘मावशी, मी त्याला फसवते आहे का?’

नाही, फसवत नाहीस. पण आडपडदा न ठेवता एक गोष्ट सांगायची आहे. जे आपण नीट पाहिलंय, ज्याचं कारण शोधलंय, ते झाकणं ही सजावट असते. जे बघायचंच टाळतोय ते झाकलं, तर भीती वाढत जाते. तेव्हा आधी बघ, मग झाक. या पत्रात मला एवढंच म्हणायचं आहे, बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

माझं आयुष्य नाटकांच्या रंगपटात गेलं, हे तू लहानपणापासून पाहतेस. टोप बसवणं, कपाळाची कड बुजवणं, विरळ डोकं दाट दाखवणं हे माझं रोजचं काम. या कामात कधी काही खोटं आहे असं मला वाटलं नाही. बालगंधर्वांच्या काळात बायका ज्या केशरचनेची हौसेनं नक्कल करत, ती एका पुरुषाच्या डोक्यावर होती आणि हे प्रत्येकीला ठाऊक होतं. घरातसुद्धा वेगळं काय होतं? माझ्या आजीच्या फडताळात गंगावन असायचं. वेणी घालताना ते तिच्यात गुंफायचं आणि मग भरघोस अंबाडा बांधायचा. गंगावन धुऊन वाळत घातलेलं दिसलं म्हणून कुणी तिला खोटारडी म्हटलं नाही. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचं. तुझी डबी ओढण्यांच्या मागे गेली, तिथं मला काळजी वाटते.

बाईच्या मनात केसांचा धाक उगाच बसलेला नाही. नवरा गेला की तिचे केस उतरवायचे, ही रीत आपल्याच मागच्या पिढ्यांची. आगरकरांनी या रीतीविरुद्ध लिहिलं. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं. रीत गेली, पण केस म्हणजे सौभाग्य आणि केस जाणं म्हणजे काहीतरी अशुभ, ही सांगड मनातून पुरती गेली नाही. पुरुषाला टक्कल पडलं तर लोक वयावर घालतात. बाईचा भांग रुंदावला की ‘हिला काय झालं?’ असं कुजबुजतात. वैद्यकातही बायकांची पाळी उशिराच आली. पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या हॅमिल्टननं १९५१ साली मांडल्या, नॉरवूडनं १९७५ साली त्या सुधारल्या. बायकांच्या विरळ होत जाणाऱ्या केसांच्या तीन पायऱ्या लुडविगनं मांडल्या त्या १९७७ साली. त्यात कपाळावरची केसांची कड टिकून राहते आणि मधला भांग रुंद होत जातो. तू लिहिलंस ते याच्याशी जुळतंय, पण पत्रावरून निदान करायचं नसतं.

आता डबीबद्दल. तुझं वर्णन वाचून मला दिसतंय की तू ती तेल लावलेल्या केसांवर वापरतेस आणि गरजेपेक्षा जास्त वापरतेस.

डबीत आहे तो केराटिनचा बारीक चुरा, म्हणजे हेअर फायबर, बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीपासून केलेला. काही कंपन्या कापसासारखे वनस्पतींचे तंतू वापरतात. आपला केसही केराटिनचाच असतो. या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, म्हणून ते केसाला चिकटतात आणि एकेक केस जाड भासतो. याचा अर्थ, आधाराला थोडे तरी केस हवेतच. पूर्ण गुळगुळीत जागेवर ते ठरत नाहीत. डोकं विरळ दिसतं त्याला आणखी एक कारण आहे: काळ्या केसांमधून उजळ कातडी चमकते. रंगमंचावर दिवे वरून पडतात तेव्हा हे फार स्पष्ट दिसतं. नटाच्या डोक्यावर केसांच्या मुळाशी काळपट रंग थोपटला की केस वाढलेले नसतानाही मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला डोकं भरलेलं दिसतं. तुझी डबी तेच काम करते.

केस आदल्या रात्री धुऊन पूर्ण वाळव. सकाळी तेल नको, त्यानं तंतूंच्या गुठळ्या होतात. केस आधी विंचरून हवे तसे बसव, कारण नंतर कंगवा फिरवला की सगळं निघून येतं. खिडकी उघड, डोळे मीट, श्वास रोखून धर. हा चुरा नाकात किंवा डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. डबी भांगाच्या थोडी वर धरून मीठ भुरभुरावं तशी हलक्या हातानं थोपट आणि मग तळव्यानं नुसतं दाब. चोळायचं नाही. वरून पकड धरणारा स्प्रे मारलास तर दिवसभर टिकतं. मग आरशापासून हातभर मागे सरक आणि बघ, कारण समोरचं माणूस तेवढ्या अंतरावरून बघतं. भांग पूर्ण बुजवू नकोस. खऱ्या भांगात कातडीची बारीक रेघ दिसतेच आणि ती गेली की डोकं रंगवल्यासारखं दिसतं. रंगाची छटा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवडू नकोस, गॅलरीत उन्हात केसांच्या मुळाशी लावून बघ. आपण ज्याला काळे म्हणतो ते पुष्कळांचे केस गडद तपकिरी असतात.

ठाण्याच्या लोकलमधला घाम एक वेळ चालेल, पण पाऊस तोंडावर आलाय. डोकं भिजलं तर रुमालानं घासू नकोस, टिप. झोपायच्या आधी डोकं धुऊन टाक, शाम्पूनं सगळं निघतं. डोक्यात कोंडा, पुरळ किंवा खाज असेल त्या दिवसांत डबीला हात लावू नकोस. विकत घेताना घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली बघूनच घे.

फायबर नको झालं तर स्पंजनं कातडीवर लावायची दाबलेली पावडर मिळते, घामात ती जास्त टिकते. पार्लरमधल्या मुलीनं तुला सुचवलेलं मायक्रोपिगमेंटेशन मात्र घाईत करून घेऊ नकोस. तो सुईनं केलेला टॅटू आहे. तो फिकट होतो, कधी त्याचा रंगही बदलतो, आणि नको वाटला म्हणून रात्री धुता येत नाही.

डबीचा खरा तोटा आता सांगते, आणि तो ती उत्तम काम करते म्हणूनच होतो. रोज सकाळी भांग भरला की तो गेल्या महिन्यापेक्षा किती रुंदावला हे तुझं तुलाच कळेनासं होतं. रंगपटात मी हे पाहिलंय. वर्षानुवर्षं रोज डोकं रंगवून घेणाऱ्या माणसाला आपलं उघडं डोकं आठवेनासं होतं, आणि एक दिवस अचानक दिसलं की तो हादरतो. म्हणून महिन्यातून एकदा, धुतलेल्या कोरड्या केसांचा, त्याच खिडकीपाशी, त्याच भांगाचा फोटो काढून ठेव. दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, फक्त तू आणि तुझ्या डॉक्टरांनी बघायचा.

डॉक्टरांकडे आता जायलाच हवं, आणि का ते सांगते. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं स्वाभाविक आहे. मोठा ताप, बाळंतपण, उपासमारीचं डाएट यांनी एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. गेल्या श्रावणात तुला डेंग्यू झाला, दिवाळीत कंगव्यात गुंतवळ निघत होतं, ते त्याचंच असणार. पण ती गळती सहसा सहाएक महिन्यांत थांबते आणि केस परत येऊ लागतात. आता उन्हाळा संपत आलाय. भांग तरीही रुंदावत असेल तर सगळं डेंग्यूवर ढकलता येणार नाही. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, थायरॉइडचा त्रास आहे. तुझी पाळी जड जाते, तेव्हा लोह कमी असण्याची शक्यता मोठी. त्यात लग्नासाठी म्हणून तू जेवण निम्म्यावर आणलंस. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतीलच. फेरिटिनचं नाव लक्षात ठेव, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना केस स्वच्छ धुऊन जा, कणभरही चुरा नको. ते दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्रातून केसांची मुळं बघतात. तिथं झाकलेलं डोकं नेलं तर जाणं फुकट जाईल. डोक्यावर कुठं जळजळ, लाली किंवा चकचकीत डाग दिसला, तर वेळ मिळण्याची वाट न बघता लगेच जा. काही आजारांत केसाचं मूळच वणात नाहीसं होतं, आणि तिथं पुन्हा केस येत नाही.

कारण आनुवंशिक निघालं तर बहुधा मिनॉक्सिडिल सुचवतील. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, म्हणून डोक्यावर लावायचं औषध तयार झालं. अमेरिकेत ते पुरुषांसाठी १९८८ साली आणि बायकांसाठी १९९१ साली मंजूर झालं. सुरुवातीला काही आठवडे केस जास्तच गळू शकतात, त्यानं घाबरून सोडू नकोस. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. लावल्यावर ते पूर्ण वाळू दे, मगच वरून फायबर. उपचार आणि झाकणं दोन्ही हातात हात घालून चालू शकतात, एकासाठी दुसरं सोडायची गरज नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. त्याला सांग, असं माझं मत आहे. तू गुन्हा केलास म्हणून नव्हे. मूल हवं असेल तेव्हा मिनॉक्सिडिल थांबवावं लागतं, आणि थांबवलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात. ते कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं हा निर्णय तुमच्या दोघांच्या संसाराचा आहे. शिवाय एका घरात राहून पहाटे त्याच्या आधी उठायचं, बाथरूमची कडी लावायची, पावसात कुठं जायचं नाही म्हणून कारणं काढायची, हे तू किती वर्षं करणार? डबी स्वस्त आहे, पण ती लपवण्याचं ओझं तुला रोज वाहावं लागेल. रडू नकोस, माफी मागू नकोस. ‘माझे केस विरळ होतायत, तपासण्या चालू आहेत, तोवर मी हे लावते’ एवढं एक वाक्य पुरेल. त्यावर तो काय बोलतो ते तुला लग्नाआधी कळलेलं बरं.

बाकी जगाला सांगायची काहीएक गरज नाही. ऑफिसात, सासरच्या गोतावळ्यात, हळदीकुंकवाला, तुझं डोकं हा कुणाच्या चौकशीचा विषय नाही. तिथं डबी बिनदिक्कत वापर आणि ताठ मानेनं वावर. पन्नाशीनंतर माझेही केस पातळ झाले. कार्यक्रमाला जाताना मी भांगात पावडर लावते, आणि तुझे काका समोर बसून चहा पीत असतात.

लग्नाच्या दिवशी तुझे केस मीच करीन. घट्ट ओढून बांधलेला खोपा आणि त्यावर किलोभर गजरे, असं काही होणार नाही. सततच्या ताणानं कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात, आणि आजकाल नवऱ्या मुलींचं डोकं मेंदी, संगीत, लग्न, स्वागत असं चार दिवस बांधलेलंच असतं. सैल अंबाडा घालू, आत हलकं गंगावन, भांगात थोडं फायबर. तीन तास दिव्यांखाली कसं टिकवायचं ते माझ्याकडे लागलं.

येत्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे आणि जेवण पूर्ववत कर, उसळी आणि पालेभाज्या रोज ताटात हव्यात. डॉक्टरांकडे सोबत हवी असेल तर मी ठाण्याला येते. रिपोर्ट आले की कळव आणि फेरिटिनचा आकडा नक्की लिही.

तुझी,
मावशी