नऊ फूट

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात माझ्या थोरल्या कन्येने २०१८ साली तळ्याकाठी जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. घर बांधण्याचा विचार होता. तिने पाठवलेले छायाचित्र पाहून पत्नी म्हणाली, "आपल्या बावखलासारखंच दिसतंय की!" मी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईलच.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी तिच्याकडे गेलो, तेव्हा घराचा आराखडा तयार होता, पण पायाला हात लागलेला नव्हता. अडचण अशी, की त्या राज्यात तळ्याच्या काठापासून ७५ फुटांच्या आत नवे घर बांधता येत नाही. हा दंडक १९६६ च्या कायद्यापासूनचा. शिवाय रस्त्याच्या हद्दीपासून ३३ फूट मोकळे सोडायचे. रस्ता आणि पाणी यांच्या मधल्या अरुंद तुकड्यातून दोन्ही बाजूंनी अशी कातर लागली, की उरते ती चिंचोळी पट्टी. कन्येने आणि जावयांनी फीत धरून मोजले होते. ३१ फूट उरत होते, म्हणून आराखडाही ३१ फूट खोलीचा.

परंतु त्यांनी फीत धरली होती ती पाण्याच्या कडेपासून, आणि तीही कोरड्या शरदात. काउंटीचा अधिकारी आला, त्याने पाण्याकडे पाहिलेच नाही. तो काठावरची झाडे, गवत आणि मातीवरच्या खुणा पाहत चढण चढू लागला. पाण्याच्या नित्याच्या वावराने काठावर जी खूण उमटते, जिथे पाणवनस्पती संपून जमिनीवरची झाडे सुरू होतात, ती त्या कायद्याची उच्चजलरेषा. आज पाणी कुठे आहे याला महत्त्व नाही; ते कुठवर येत असते, याला आहे. त्याने नारिंगी फडके बांधलेली खुंटी ठोकली आणि आमच्या कन्येचे नऊ फूट गेले. ३१ चे २२ झाले.

त्या नऊ फुटांच्या सवलतीसाठी तिने अर्ज केला. असे अर्ज काउंटीच्या एका मंडळापुढे चालतात आणि तीन गोष्टी सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो: नियम पाळल्याने अनाठायी जाच होतो, तो जाच त्या जमिनीच्याच काही वैशिष्ट्यामुळे होतो, आणि सवलत दिल्याने सार्वजनिक हिताला बाध येत नाही. पत्नीचे गुडघे अधू झालेले. तिला जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर आम्हा दोघांची खोली असावी, हे कन्येचे मुख्य कारण होते. कचेरीतल्या बाईंनी ते सौजन्याने ऐकून घेतले आणि सांगितले, की हे मंडळ विचारात घेणार नाही. सवलत माणसाला नसते, जमिनीला असते. माणसे येतात, जातात. सवलत मात्र जमिनीला चिकटून राहते. मला ते कठोर वाटले आणि पटलेही. पत्नीला मुळीच पटले नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे मी वाचून समजून घेतले. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, की सुमारे २,३५० लिटर पाणी खाली येते. मध्ये झाडोरा असला तर ते जमिनीत मुरते. नसला तर हिरवळीवरचे खत आणि माती घेऊन थेट तळ्यात उतरते. त्यातल्या फॉस्फरसने शेवाळ माजते. आणि मुख्य म्हणजे तळे काठावरच्या धन्याचे नव्हेच. नौकानयनयोग्य पाणी सर्वांसाठी कायम खुले राहील, हे त्या राज्याच्या १८४८ च्या घटनेतच लिहिलेले आहे. नैसर्गिक तळ्याचा तळही राज्य जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळते.

शेजारच्या वृद्ध बाईंनी लेखी हरकत घेतली. त्यांचे स्वतःचे घर पाण्यापासून अवघ्या चाळीस फुटांवर! कन्या संतापली. "स्वतः पाण्यात पाय सोडून बसायचं आणि आम्हाला शहाणपण शिकवायचं!" सुनावणीच्या आदल्या रात्री ती मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही बोला. तुम्ही शिक्षक होता, तुमचं ऐकतील."

तेव्हा मला ते सांगावे लागले. वाचकहो, वसईत वाढलेल्यांना बावखल म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्या वाडीतही एक होते. पावसाचे पाणी त्यात साठे, जिरे आणि विहीर गोड राही. काठावर रहाट होता, त्यावर केळी आणि पानवेली पोसल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धाकट्या भावाला घर बांधायचे होते. प्रथम ठरले ते एवढेच, की एक कोपरा बुजवायचा. वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर झाले नसते. भरावाचे ट्रक येऊ लागले, भाव ठरलेला होता, आणि कोपऱ्याचे अर्धे, अर्ध्याचे पूर्ण कधी झाले हे आम्हा दोघा भावांनाही कळले नाही. किंवा कळले. तिसऱ्या संध्याकाळी बेडूक अंगणातून रस्त्याकडे निघाले होते. याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या आंदोलनात मी फलक घेऊन चालत होतो. पुढे विहीर मचूळ झाली. ती आमच्या बावखलामुळेच, असे मी शपथेवर सांगणार नाही. इतरांचीही बुजली होती.

कन्येचा जन्म त्यानंतरचा. तिला ठाऊक होते ते काकांचे घर. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण पप्पा, मी काही बुजवत नाहीये. नऊ फूटच मागतेय."

"आम्हीही कोपराच मागितला होता," मी म्हणालो. ती उठून निघून गेली.

सुनावणीत मी बोललो नाही. बोलणाऱ्या प्रत्येकाला उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते. त्या हाताने मी काय सांगणार होतो? जावयांनी बाजू चांगली मांडली. शेजारीणबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. त्यांच्या चाळीस फुटांविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, की घर कायद्याच्या आधी त्यांच्या वडिलांनी बांधले; आज बांधायला निघाले, तर मलाही परवानगी मिळू नये. मंडळाने अर्ज नाकारला. २२ फुटांत घर बसते, आणि मोजमाप चुकले तो दोष जमिनीचा नव्हे, असे कारण दिले. तीस दिवसांत न्यायालयात जाता येत होते. ते गेले नाहीत; पैसेही संपत आले होते.

घर २०२१ साली झाले. २२ फूट खोल आणि ६४ फूट लांब. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा पत्नी म्हणाली, "अगं, हा तर आगगाडीचा डबा!" आमची खोली तळमजल्यावर, अगदी टोकाला. काठालगतच्या ३५ फुटांत वाटेपुरती जागा सोडून झाडे तोडता येत नाहीत, त्यामुळे खिडकीतून पाण्याचे नुसते तुकडे दिसतात. "नऊ फूट मिळाले असते तर..." असे कन्या जेवताना अजूनही म्हणते. त्या रात्रीच्या बोलण्याचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. मीही नाही.

इकडे वसईत जोराचा पाऊस झाला, की भावाच्या दारात पाणी तुंबते. पंप लावावा लागतो. आता तो जॅक लावून सारे घर दोन फूट उचलून घ्यायचे म्हणतो आहे. खर्चाचा निम्मा वाटा मी देणार आहे. त्याने तो मागितलेला नाही.