लोखंडाची साक्ष

नारायणगावाहून खोडदकडे निघालेला रस्ता द्राक्षांचे मळे, कांद्याची वावरे आणि टोमॅटोची शेते यांमधून वळणे घेत जातो. वळण संपते न संपते तोच शिवाराच्या वर तारांच्या जाळीची एक प्रचंड वाटी डोकावू लागते, मग दुसरी, मग तिसरी. जगभरचे शास्त्रज्ञ ज्या रेडिओ दुर्बिणीसाठी येथे येतात, तिच्याच या वाट्या. अशा एकंदर ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ खोडदच्या परिसरात दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी त्या टिपतात, त्यांपैकी कित्येक हजारो-लाखो वर्षांपूर्वी आपल्या उगमापासून निघालेल्या असतात. खोडदचे आकाश असे जुन्या काळाची वार्ता सांगणारे आहे.

याच गावातील एका घरात, माळ्यावर, पत्र्याची एक पेटी होती. तीही जुन्या काळाची वार्ता सांगत होती. पण ती ऐकावयास कोणी जात नव्हते.

पेटी होती घरातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींची. विहिरींवरची मोट मागे पडून इंजिन-पंप आले, त्या काळी मेस्त्री ऐन उमेदीत होते. मीना आणि कुकडी या नद्यांच्या काठी एखादे इंजिन रुसले, की शेतकरी भल्या पहाटे त्यांच्या दारी येई. मेस्त्री पेटी सायकलला बांधत आणि निघत. पुढे विजेचे पंप आले, इंजिनांची धडधड थांबली आणि पेटी माळ्यावर गेली. मेस्त्रींची दृष्टीही आता मंदावली होती. दाराशी भंगारवाल्याची हाक आली, की घरातले कोणी तरी म्हणे, “ती पेटी देऊन टाकावी. आठ-दहा किलो तरी लोखंड भरेल.” मेस्त्री काही बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांचे जेवणात लक्ष नसे.

एका सुटीत त्यांच्या बारा वर्षांच्या नातवाने ती पेटी खाली उतरवली. झाकण उघडताच जुन्या ग्रीसचा आणि घासलेटचा वास घरभर पसरला. आत लहानमोठे पाने होते, रिंगपाने होते, एक स्क्रू-पाना, दोन पकडी, कानशी, छिन्न्या, लाकडी मुठीचे स्क्रूड्रायव्हर आणि एक हातोडी होती. सर्वांवर काळपट तांबूस थर चढलेला. नातवाच्या मनात आले, ही अवजारे लख्ख करून आबांच्या पुढे मांडावी. आबा किती खूश होतील! त्याने त्यातला सर्वांत जाड पाना उचलला आणि पॉलिश पेपर घेऊन दुपारभर घासला. पाना आरशासारखा चमकू लागला. सायंकाळी त्याने तो मोठ्या अभिमानाने आबांच्या हातात ठेवला.

मेस्त्रींनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. त्यांनी त्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. मग हलक्या आवाजात ते म्हणाले, “पोरा, इथे एक बाण होता. बाणाशेजारी साल होते. एकोणीसशे त्रेचाळीस. तू ते पुसलेस.”

नातू गांगरून गेला. आबा रागावले असते तर त्याला बरे वाटले असते. पण ते रागावले नाहीत. त्यांनी पाना मांडीवर ठेवला आणि त्याची हकीकत सांगितली. बाणाचा तो ठसा म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची खूण. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी अवजारे बनली, त्यांच्यापैकी पुष्कळांवर ही खूण आणि बनवल्याचे साल ठोकलेले असे. युद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल बाजारात आला. मेस्त्रींच्या उस्तादांनी हा पाना पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला होता आणि पुढे हाताखालच्या मुलाला काम येऊ लागले, तेव्हा तो त्याच्या हातात दिला होता. “या पेटीत आपल्या तोंडाने आपले वय सांगणारा हा एकटाच होता,” मेस्त्री म्हणाले. “बाकीच्यांचे वय विचारून घ्यावे लागते.”

‘विचारून घ्यावे लागते’ हे शब्द नातवाच्या मनात राहिले. दुसऱ्या दिवशी तो एक कोरी वही घेऊन आबांच्या जवळ बसला. पॉलिश पेपर त्याने दूर ठेवला होता. आता अवजारे फक्त फडक्याने आणि थोड्या घासलेटने पुसावयाची, ठसा दिसू लागला की थांबावयाचे, असा नियम ठरला.

पहिलाच पाना हातात घेतला आणि कोडे पडले. त्यावर ‘१/४ डब्ल्यू’ असे कोरलेले होते. परंतु नातवाने पट्टीने मोजले, तो त्याचे तोंड अर्ध्या इंचाहूनही किंचित मोठे भरले. पाव इंचाचा पाना अर्ध्या इंचाचा कसा? मेस्त्री हसले. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या अभियंत्याने १८४१ साली बोल्टांच्या आट्यांना एक ठरावीक माप घालून दिले. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. व्हिटवर्थच्या पद्धतीत पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो. तो बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा असतो. विलायतेहून आलेल्या इंजिनांना हेच पाने लागत. म्हणून ‘डब्ल्यू’चा पाना दिसला, की तो कोणत्या घराण्यातल्या यंत्राची सेवा करीत होता हे कळते.

पुढच्या पान्यावर मिलिमीटरचे आकडे होते. नातू शाळेत शिकला होता, की भारताने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली केला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने वापरात येऊ लागली. त्याने लगेच अनुमान काढले, “आबा, हा १९५८ नंतरचा!” मेस्त्रींनी पाना उलटा केला. पाठीवर पुसट अक्षरांत जर्मनीचे नाव होते. जर्मनीत मिलिमीटरची मापे त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होती. एका साक्षीदाराच्या बोलण्यावरून निकाल देऊ नये, हे नातवाला त्या दिवशी कळले.

मात्र देशाचे नाव हीसुद्धा मोठी साक्ष असते. परदेशी मालावर तो कोठे झाला हे लिहिले पाहिजे, असा कायदा ब्रिटनने १८८७ साली केला आणि अशी नावे मालावर ठळकपणे दिसू लागली. राज्ये बदलली तशी नावेही बदलली. अवजारावर ‘पश्चिम जर्मनी’ असे असेल, तर ते १९४९ ते १९९० या काळातले असले पाहिजे. कारण त्या नावाचे राज्य तेवढाच काळ होते. पेटीतल्या पकडीवर ‘चेकोस्लोव्हाकिया’ हे नाव निघाले. तो देश १९१८ साली जन्मला आणि १९९२ च्या अखेरीस त्याचे दोन देश झाले. भूगोलाच्या नकाशावरून नाहीसा झालेला देश खोडदच्या एका पकडीवर अजून शाबूत होता!

काही अवजारांवर नाव नव्हते, तेव्हा त्यांच्या आकाराला विचारावे लागले. एका स्क्रूड्रायव्हरचे टोक फुलीसारखे होते. फुलीच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेतील हेन्री फिलिप्स याने १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आणले; म्हणून हा स्क्रूड्रायव्हर त्याच्या आधीचा असणे शक्य नव्हते. स्क्रू-पान्याचा जबडा स्क्रू फिरवून मागेपुढे होतो. या घडणीचे पेटंट स्वीडनच्या योहान्सन याने १८९२ साली घेतले. पण पेटंटचे साल हे त्या अवजाराचे जन्मसाल नव्हे. तशी घडण पुढे कित्येक वर्षे चालू राहते. त्यावरून एवढेच म्हणता येते, की ही वस्तू त्या सालाच्या आधीची नाही. शेजारच्या एका पान्यावर टपारियाचे नाव होते. या कंपनीने १९६९ साली स्वीडनमधील एका कंपनीच्या सहकार्याने आपल्या देशात हातअवजारे बनवण्यास आरंभ केला. तो पाना हातात घेऊन मेस्त्री म्हणाले, “हा आला तेव्हा आम्हांला मोठे अप्रूप वाटले होते. विलायती पान्यांच्या पंगतीत आपलाही पाना बसला.”

तळाशी एक छिन्नी होती. तिच्यावर नाव नव्हते, आकडा नव्हता. गाडीच्या मोडक्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करून गावच्या लोहाराने ती ऐरणीवर घडवली होती. ती विचारली तरी बोलेना. तिचे वय केवळ मेस्त्रींना ठाऊक होते: थोरल्या मुलीचे लग्न झाले त्या वर्षीची. नातवाने विचारले, “आणि तुम्ही सांगितले नसते तर?” मेस्त्री म्हणाले, “तर ती नुसते लोखंड झाली असती.”

त्या रात्री नातवाने वहीत तीन रकाने आखले. पहिल्याला नाव दिले ‘पाहिले’, दुसऱ्याला ‘ऐकले’ आणि तिसऱ्याला ‘अनुमान’. ठसे, आकडे, मोजमापे पहिल्या रकान्यात गेली. आबांच्या आठवणी दुसऱ्यात. आणि ‘याच्या आधीचे नाही, त्याच्या नंतरचे नाही’ असे जे काही ठरवता आले, ते तिसऱ्यात. पेटीत कोणते अवजार कोणत्या खणात, कशाच्या खाली सापडले, हेही त्याने लिहून ठेवले. कारण तळाच्या घट्ट ग्रीसमध्ये रुतलेली अवजारे फार वर्षांत हलली नव्हती, हे उघड दिसत होते. वस्तू कोठे पडली होती हीसुद्धा तिची साक्षच.

ही गोष्ट किती महत्त्वाची आहे हे पाहावयास जुन्नर तालुक्याबाहेर जावे लागत नाही. कुकडीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथे १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ज्वालामुखीच्या राखेचा एक थर अभ्यासला. त्याच परिसरातील नदीच्या थरांत आदिमानवाने घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्याही एका कारागिराच्या हातअवजारेच होत. परंतु त्यांच्यावर ना कारखान्याचे नाव, ना साल. त्यांचे वय सांगणार कोण? दगड मुका असला तरी राखेचे वय प्रयोगशाळेत मोजता येते. पहिल्या मोजणीत ते सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९५ साली दुसऱ्या पद्धतीने मोजले, तेव्हा सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे आले. इतर काही संशोधकांनी राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासली आणि ही राख इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातली आहे, असे मत मांडले. नदीने राख आणि दगड वाहून आणून पुन्हा एकत्र टाकले असतील काय, हाही वादाचा विषय झाला. थोर विद्वानांतही असे मतभेद होतात. पण प्रत्येकाने काय पाहिले, कोठे पाहिले, कसे मोजले हे लिहून ठेवलेले असते, म्हणूनच तो वाद पुढे चालू शकतो. तेथील एखादी हातकुऱ्हाड कोणी हौसेने उचलून घरी नेली, तर ती जागेवरून हलताच तिची अर्धी साक्ष नाहीशी होते.

पुढे भंगारवाला पुन्हा आला, तेव्हा घरात पुन्हा तोच विषय निघाला. या वेळी नातू बोलला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्याने अडकित्ते, कुलपे आणि दिवे पाहिले होते. दिनकर गंगाधर केळकर यांनी घरोघरच्या अशा साध्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. “त्यांनी अडकित्ता सुपारीच्या भावाने तोलला नाही,” नातू म्हणाला, “मग आपण आबांची पेटी किलोवर का तोलावी?” घरातले सगळे हसले. भंगारवाला रिकाम्या बाटल्या घेऊन गेला.

पेटी आता माळ्यावर नाही. मेस्त्रींच्या खाटेजवळ आहे. प्रत्येक अवजाराला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे आणि चिठ्ठीवरचा क्रमांक वहीतल्या पानाशी जुळतो. त्यांत एक पाना इतरांहून निराळा, आरशासारखा चकचकीत आहे. पाहुण्यांना प्रथम तोच आवडतो. त्याची चिठ्ठी लिहिताना नातवाला पुष्कळ विचार करावा लागला. ‘१९४३’ हा आकडा पहिल्या रकान्यात लिहावा असा मोह त्याला झाला होता. तेथे कोणी शंका घेतली नसती. परंतु तो आकडा आता कोणालाही दिसणार नव्हता. अखेर त्याने तो दुसऱ्या रकान्यात, ‘ऐकले’ या शब्दाखाली लिहिला आणि पहिल्या रकान्यात एवढेच नोंदवले: ‘येथे बाणाचा ठसा आणि साल होते. माझ्या हातून घासले गेले.’