दगडावरचं नाव

दोस्तांनो, घारापुरीला गेलात की धक्क्यावरच्या छोट्या आगगाडीत जरूर बसा, पायऱ्या मोजत चढा. (सोमवार सोडून जा, लेणी बंद असतात!) पण खिशात खिळा मात्र नेऊ नका. का, ते सांगतो.

आम्ही नवी मुंबईकर. उरण तालुक्यातलं हे बेट आम्हाला जवळच. पण आजोबांबरोबर गेलो ते गेटवेहून, लाँचने. लेण्यात शिरलो आणि गप्पच झालो. समोर तीन मुखांचा सदाशिव, सुमारे २० फूट उंच! अख्खा डोंगरातच कोरलेला, दीडेक हजार वर्षांपूर्वी.

आजोबा जरा पुढे गेले, तसं मी खांबावर खिळ्याने माझ्या नावाचं पहिलं अक्षर ओढलं. मागे वळून आजोबा शांतपणे म्हणाले, "बाळा, ही मूर्ती ज्याने घडवली, त्याचं नाव शोध बघू."

खूप शोधलं. कुठ्ठे नाही! दिसले ते मूर्तींचे तुटलेले हातपाय.

१९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत. माझं ते अर्धं अक्षरही तिथेच असेल. ते आता पुसता येत नाही, हीच माझी शिक्षा.

तुम्ही गेलात तर नुसतं डोळे भरून बघा, हं!