धाकटीची तपासणी

भिवंडीच्या कापडबाजारात कोरा ताका उलगडून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. तुटलेला उभा धागा, चुकलेला आडवा धागा, मागाच्या तेलाचा डाग हे सारे कापड कोरे असतानाच सापडले तर बरे. रंगाईनंतर सापडलेल्या दोषाचा भुर्दंड मोठा असतो आणि त्यावरून होणारा वाद त्याहून मोठा. अंजूरफाट्याजवळ राहणाऱ्या एका ओसवाळ कुटुंबाची तीन पिढ्यांची उपजीविका या पारखीवर उभी आहे. त्याच घरात धाकट्या मुलीच्या रक्ताची एक तपासणी करावी की नाही, यावर मात्र चार महिने एकमत होत नव्हते.

त्याआधीच्या पावसाळ्यात थोरला मुलगा आजारी पडला होता. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तीन आठवडे तो सारखे पाणी पीत होता, रात्री तीन-तीनदा लघवीला उठत होता. गणवेशाची पँट कमरेला सैल झाली, तेव्हा घरच्यांना वाटले, उंची वाढते आहे. मग पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या. दिवस साथीचे होते. जवळच्या दवाखान्यात पोटाच्या विकारावरचे औषध मिळाले. दुसऱ्या दिवशी त्याला धाप लागली आणि बोलता बोलता डोळे मिटू लागले, तेव्हा त्याला ठाण्याला नेण्यात आले. तेथे बोटातून थेंबभर रक्त घेतले आणि एका मिनिटात निदान झाले. पुढचे चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता.

हा मधुमेहाचा पहिला प्रकार. आजोबांना पंधरा वर्षांपासून असलेला आणि गोळ्यांवर आटोक्यात राहिलेला मधुमेह वेगळा, हे समजायला कुटुंबाला वेळ लागला. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाच परके समजून नष्ट करते. इन्सुलिन संपले की साखर रक्तात साचते, शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून निर्माण होणारी आम्ले जिवावर उठतात. मिठाईशी याचा संबंध नाही. तरीही नातेवाइकांनी आईलाच विचारले, लहानपणी फार गोड खाऊ घातले का? या प्रश्नाने त्या बाईला जितके जाळले तितके त्या चार रात्रींनीही जाळले नसेल.

आजीचा प्रश्न निराळा होता. इन्सुलिन कशापासून करतात? तिने कधीतरी ऐकले होते की ते गाई-डुकरांच्या अवयवांतून काढतात. ऐकीव गोष्ट खोटी नव्हती. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हापासून सुमारे साठ वर्षे इन्सुलिन कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडातूनच येत होते. १९८२ पासून जिवाणू किंवा यीस्टकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याची रीत बाजारात आली, आणि आज मुलांना दिले जाते ते बहुतेक सर्व इन्सुलिन याच रीतीचे. हे ऐकून आजी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “पंचेंद्रिय जीव वाचला. एकेंद्रियाची हिंसा तर आपल्या चुलीपाशीही होते. मुलाला दे.”

चौविहाराचा पेचही तिनेच सोडवला. रात्री साखर घसरली तर मुलाला तत्क्षणी ग्लुकोज द्यावे लागते, सूर्यास्त होऊन गेला असला तरी. पच्चक्खाणाच्या सूत्रात आगार, म्हणजे सवलती, असतात. तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचा आगारही त्यांत आहे. रोज पच्चक्खाण घेणाऱ्यांपैकी कितीजण त्याचा अर्थ लक्षात ठेवतात, कोण जाणे. आजीच्या तो ध्यानात होता.

हीच आजी धाकटीच्या तपासणीला मात्र विरोध करत होती.

धाकटी आठ वर्षांची, ठणठणीत. मुलाच्या डॉक्टरांनी सुचवले की तिच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तपासून घ्याव्यात. पेशींवरचा हल्ला लक्षणे दिसण्याच्या कितीतरी महिने, पुष्कळदा कित्येक वर्षे आधी सुरू होतो आणि त्याच्या खुणा रक्तात उतरतात. या खुणा मुख्यतः चार: ग्याड, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर आणि खुद्द इन्सुलिनविरोधी प्रतिपिंड. शिरेतून थोडे रक्त घ्यायचे. त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नसते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार अशा रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा, म्हणजे इतर मुलांच्या सुमारे पंधरापट असते.

आजी म्हणाली, “मुलीची जात आहे. कागदावर एकदा आले की उद्या संबंध जुळवताना ते कोणीतरी उकरून काढणारच.” हा भय काल्पनिक नाही. व्यापारी समाजात घराण्याची अब्रू पेढीच्या पतीसारखीच जपली जाते आणि आजाराची वार्ता मालाच्या गाडीपेक्षा वेगाने गावोगाव पोहोचते. याच घरातल्या एका लग्नात मुलाला इन्सुलिन टोचायला सभागृहाच्या स्वच्छतागृहात नेले होते, पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. बारा वर्षांच्या मुलाने त्यातून काय बोध घेतला असेल, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही. गुप्तता पाळण्याचा हक्क कुटुंबाला आहेच. अहवाल चारचौघांत वाचून दाखवण्याची काही गरज नाही. पण तपासणी टाळल्याने रक्तात असलेली खूण पुसली जात नाही, एवढेच होते की ती घरच्यांनाही ठाऊक नसते.

वडिलांचा आक्षेप अधिक प्रामाणिक होता. जे टाळता येत नाही ते आधी कळून करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताने काही अंशी दिले आहे. तेथे २०१५ पासून घरात आजार असो वा नसो, सर्वसामान्य लहान मुलांची अशी तपासणी सुरू झाली. पहिल्या नव्वद हजारांहून अधिक मुलांत हजारी सुमारे तिघांच्या रक्तात सुरुवातीच्या खुणा आढळल्या. या मुलांपैकी ज्यांना पुढे आजार प्रकट झाला, त्यांतल्या अगदी मोजक्यांवर ती आम्लांची प्राणघातक अवस्था ओढवली. एरवी तेथे साधारण पाच नव्या बालरुग्णांत एक त्याच अवस्थेत रुग्णालयात पोहोचत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये इटलीने तर १ ते १७ वर्षांच्या मुलांच्या तपासणीसाठी कायदाच केला. भारतात अशी देशव्यापी व्यवस्था नाही. म्हणून ज्या घरात एक मूल आजारी आहे, त्या घराने दुसऱ्याचा विचार स्वतःच करावा लागतो.

वडिलांनी डॉक्टरांना शेवटी व्यापाऱ्याच्या भाषेत विचारले, “मुदत किती मिळते?” उत्तर सरळ होते. एकच प्रतिपिंड असेल तर दहा वर्षांत आजार होण्याचे प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास. दोन किंवा अधिक असतील तर शंभरात सत्तर. काहीच आढळले नाही तरी ती कायमची हमी नव्हे, लहान वयात पुन्हा पाहावे लागते. टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते चौदा दिवस रोज शिरेवाटे देतात आणि त्याच्या मुख्य चाचणीत आजार सरासरी दोन वर्षे पुढे ढकलला गेला. पण ती मान्यता आठ वर्षांपुढच्यांसाठी होती आणि तीही दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे साखर बिघडू लागल्यावरच. शिवाय अतिशय महाग. दोन वर्षे म्हणजे काय, हे ज्याच्या मुलाला रोज चार वेळा सुई घ्यावी लागते त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या आठवड्यात धाकटीचे रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले. आजीने होकार दिला नाही, पण निघताना मुलीच्या हातात नवकारवाळी दिली.

दोन प्रतिपिंडे आढळली. दुसऱ्या नमुन्यानेही तेच सांगितले. साखर पूर्णपणे प्राकृत होती. म्हणजे पहिला टप्पा.

आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांचे म्हणणे वहीत उतरवून घेतले. दर सहा महिन्यांनी साखर आणि एचबीए१सी. ताप आला, वजन घटले, तहान वाढली किंवा अंथरूण ओले होऊ लागले तर त्याच दिवशी घरच्या ग्लुकोमीटरवर तपासायचे, वाट पाहायची नाही. वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी. गोड बंद करण्याची आवश्यकता नाही, खेळ बंद करण्याची तर मुळीच नाही. पर्युषणात उपवास करायचा झाला तर आधी विचारायचे. आजीने सुखडीचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. तो खाली काढण्यासाठी डॉक्टरांना तिच्याशी वेगळे बोलावे लागले.

या चिठ्ठीतली लक्षणे ओळखण्याला काही खर्च येत नाही, आणि ती पेढीपुरती ठेवण्याचेही कारण नाही. यंत्रमागांच्या गल्ल्यांतून कामगारांची मुलेही पावसाळ्यात उलट्या करत दवाखान्यात येतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या बोटातून वेळीच थेंबभर रक्त घेतले जाते, एखाद्याच्या नाही. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून गरीब घरांतल्या अशा मुलांना इन्सुलिन पुरवत आला आहे. आहार, ज्ञान आणि अभय यांच्या जोडीने औषधदानही सांगितलेल्या समाजाला हे काम परके वाटू नये. भिवंडीच्या गोदामांत जितके ग्लुकोमीटर साठवून पुढे पाठवले जात असतील, त्यातले काही गावातल्या दवाखान्यांत राहिले तरी पुष्कळ.

भावाला बहिणीच्या अहवालाविषयी सांगावे की नाही, यावर घरात पुन्हा चर्चा झाली. त्याला ते आधीच कळले होते. वयाने बारा असला तरी ‘ग्याड’ हा शब्द घरात त्याच्याइतका कोणालाच ओळखीचा नव्हता. आता महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी नवकारशीनंतर, तो स्वतःची साखर पाहून झाली की बहिणीचे बोट पुसतो, नवी सुई लावतो आणि बाजूने टोचतो, मधोमध नाही, कारण मधोमध दुखते. गेल्या रविवारी आकडा १०४ आला. त्याने तो वहीत तारखेसमोर लिहिला.