आधी पाणी ओता, मग गाडी काढा

विदर्भात मे महिन्यातल्या लग्नाचा मुहूर्त भर दुपारचा निघाला तरी कुणाला त्याचं नवल वाटत नाही. वरोऱ्याजवळच्या एका गावात माझ्या मावसभावाचं लग्न होतं. वरात साडेअकराला निघाली आणि मांडवापर्यंत यायला तासाच्या वर लागला, कारण पोरं नाचायची थांबेनात. ती नाचत होती तोवर बँडवाल्यांना थांबता येत नव्हतं. अंगात लाल जाड गणवेश, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, डोक्यावर फेटा. ढोलवाल्याच्या खांद्यावर वरून पट्ट्यांचा काच.

मांडवाच्या तोंडाशी त्या ढोलवाल्या पोराचा ठेका चुकू लागला. मग तो झोकांड्या खात भलतीकडेच निघाला. हटकलं तर म्हणाला, "शाळा सुटली का?" लोक हसले. "सकाळीच मारून आला वाटते," कुणीतरी बोललं. तेवढ्यात तो ढोलासकट खाली कोसळला.

माझी मावशी निवृत्त परिचारिका. तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला; दारू नव्हती. मानेला हात लावला, अंग तव्यासारखं तापलेलं. "ऊन लागलंय याला. बटणं काढा."

"पण मावशी, सदरा तर घामानं भिजलाय," मी म्हटलं.

"घरात पडून असलेल्या म्हाताऱ्याचा घाम बहुधा आटतो. राबताना ऊन लागलं की घाम असू शकतो. घाम नको बघू, माणूस भानावर आहे का ते बघ."

एव्हाना एकानं नाकाला कांदा लावला होता, दुसरा तांब्या घेऊन तोंडात पाणी घालायला वाकला होता. मावशीनं तांब्या बाजूला सारला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुणी तापाची गोळी पुढे केली, तीही परत गेली. तापात मेंदूच शरीराचं तापमान चढवतो, म्हणून गोळी लागू पडते; इथे अंगातली उष्णता बाहेरच पडत नसते.

एकानं गाडी काढली. "आधी इथेच गार करा, 108 ला फोन लावा," मावशी म्हणाली. त्याला सावलीत आडवं करून पिण्याच्या पाण्याचे जार अंगावर ओतले. मांडवातला मोठा कूलर त्याच्याकडे वळवला. सरबतासाठी आणलेली बर्फाची लादी फोडून उपरण्यांत बांधली आणि मानेशी, काखेत, जांघेत ठेवली. रुग्णवाहिका आली तेव्हा तो आपलं नाव सांगू लागला होता. तरीही त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मेंदूबरोबर मूत्रपिंड, यकृत आणि स्नायूंनाही इजा होऊ शकते. ती बाहेरून दिसत नाही, रक्त-लघवीच्या तपासणीत कळते. तो यातून बरा झाला.

हे विदर्भाचंच दुखणं आहे असं मात्र नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि 14 माणसं दगावली. तिथे पारा चंद्रपूरइतका चढलेला नव्हता. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग निवतं.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही आधीची पायरी. माणूस शुद्धीवर असेल तर तिथेच काम थांबवून सावली आणि मीठ-साखरेचं पाणी दिलं की बहुतेकदा निभावतं. बरळणं, झटके किंवा बेशुद्धी आली की मात्र प्रत्येक मिनिट मोलाचं.

म्हणून उन्हाळ्यात घरी कार्य काढणाऱ्यांना सांगणं एवढंच: वरात सकाळी आठच्या आत उरका. नाहीच जमलं, तर बँडवाल्यांना गणवेशाची सक्ती करू नका, दर थांब्यावर त्यांना सावली आणि ताक द्या. आणि उन्हात बरळणाऱ्या माणसाला दारुडा ठरवण्याआधी त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओता.