विटाळ आपण सोडला, मग हा आजार का लपवतो?



माझी आई लोणंदच्या बाजारात कांदा निवडायची. दिवसभर बसून काम, घामानं भिजलेले कपडे. अंगावरून पांढरं जायचं, खाज सुटायची. ती म्हणायची, "बाईच्या जातीला हे असायचंच." एका खाजगी दवाखान्यात न तपासताच अँटिबायोटिक दिलं. खाज आणखी वाढली.

का वाढली? कॅन्डिडा नावाची बुरशी अनेकींच्या योनीत थोडीफार असते. तिथले उपयोगी जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकनं तेच मरतात आणि बुरशी माजते. मधुमेह, गरोदरपण यांनीही ती वाढते. घट्ट, ओलसर कपड्यांनी त्रासात भर पडते. दह्यासारखं घट्ट पांढरं जाणं, खाज, लघवीला आग ही तिची लक्षणं. सहसा दुर्गंधी नसते. यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

हे एकट्या आईचं नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के!

चळवळीतले काही भाऊ म्हणतात, "हा बायकांचा खाजगी विषय." मग १९४२ साली नागपुरात बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितली, ती कशासाठी? ज्या विटाळानं आपल्याला पाणवठ्यावरून हाकललं, तोच विटाळ बाईला स्वतःच्या शरीराची लाज बाळगायला लावतो. १९५६ ला तो धर्म सोडला, पण घरातला विटाळ सोडला का?

म्हणून हे घरी सांगा. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी, एवढ्यानं बहुतेकींना बरं वाटतं. पण पहिल्यांदा त्रास झाला तर तपासून घ्या. गरोदर बाईनं फ्लुकोनॅझोल स्वतःहून घेऊ नये. आत साबण, डेटॉल लावू नका. सुती, कोरडे कपडे वापरा. दुर्गंधी, हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणं किंवा ताप असेल तर आजार वेगळा असू शकतो. सरकारी दवाखाना गाठा. त्रास वारंवार होत असेल तर साखर तपासा.

येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. वस्तीत स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलवा. सतरंजी अंथरायला, चहा द्यायला पोरांनी पुढं व्हावं. बोलायचं काम बाया करतील.

जय भीम!