तापानंतरची ‘गोधड’

मलेरियाचा ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. म्हसावदच्या घरात पडल्या पडल्या वाहरू सोनवणे यांची ‘गोधड’ पुन्हा हातात घेतली. १९८७चा हा संग्रह, भिली आणि मराठी कवितांचा. वाहरूदादा आमच्याच शहादा भागातले, श्रमिक संघटनेच्या लढ्यात वाढलेले. त्यांची ‘स्टेज’ ही कविता मला नेहमीच अस्वस्थ करते. दुःख आपलं, आणि ते सांगणारे मंचावरचे दुसरेच!

संध्याकाळी माझ्या वर्गातल्या मुली भेटायला आल्या. त्यांतली एक वर्गात फारशी बोलत नाही. तिच्यापुढे भिलीचं पान धरलं. देवनागरी अक्षरांखालून तिचं बोट हळूहळू सरकू लागलं. नखात शेतातली माती होती. दुसऱ्या ओळीवर ती अडखळली, थांबली, मग खुदकन हसली आणि सगळी कविता मोठ्यानं वाचून गेली. एवढा खणखणीत आवाज तिचा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

२०११च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. त्या आकड्यापेक्षा मनात घोळतंय ते तिचं हसणं. त्यात आनंद होता की नवल, की घरचं माणूस अनोळखी गावात भेटावं तसं काही? विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. सोमवारी शाळेत जाईन. पुस्तक सोबत नेणार आहे. वर्गात ती वाचेल का, कुणास ठाऊक.